नोव्हेंबरची यादी

ठाण्यात मेलेल्या ज्या कॅथलिक माणसांची नावं सगळ्यात आधी कागदावर आली, त्यांची कबर ठाण्यात नाही. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. चौघेही फ्रान्सिस्कन. होर्मुझहून कोल्लमला निघालेलं त्यांचं गलबत भरकटत ठाण्याच्या बंदराला लागलं. इथे तेव्हा सीरियन परंपरेची पंधराएक ख्रिस्ती घरं होती. युरोपातले लोक त्यांना नेस्टोरियन म्हणत. त्यांतल्याच एका घरी पाहुणे उतरले आणि त्या घरात नवरा-बायकोचं वाजलं. नवऱ्याने हात उचलला, बायको तक्रार घेऊन काझीकडे गेली, साक्षीला म्हणून या परदेशी पाहुण्यांना बोलावणं आलं. मारहाणीची साक्ष राहिली बाजूला, कोणाचा धर्म खरा यावर वाद पेटला आणि ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांना ठार करण्यात आलं. पीटर सामान राखायला घरी थांबला होता. दोन दिवसांनी त्यालाही मारलं.

हौतात्म्याच्या गोष्टी बहुधा राजदरबारी सुरू होतात. ही एका घरातल्या मारझोडीतून सुरू झाली. मार खाऊन थेट काझीपर्यंत जाण्याची धमक दाखवणाऱ्या त्या बाईचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डन कतालानी हा डॉमिनिकन पाद्री तेव्हा पुढे गुजरातेच्या वाटेला लागला होता. बातमी कळताच तो मागे फिरला आणि जिनोआच्या एका तरुणाच्या मदतीने त्याने हुतात्म्यांना सोपाऱ्याला नेऊन तिथल्या सेंट थॉमसच्या देवळात पुरलं. थोड्याच वर्षांनी पोर्देनोनेचा ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी आला. त्याने अस्थी उकरल्या, स्वच्छ कापडात बांधल्या आणि गाठोडं घेऊन चीनची वाट धरली. वाटेत एका घराला आग लागली तेव्हा तो अस्थी उशाशी घेऊन निजला होता, आणि तेवढाच कोपरा वाचला. पुढे समुद्रात वारा पडला, तर एक हाड पाण्यात टाकताच शिडं फुगली. हे सगळं त्याने १३३० मध्ये पादुआला सांगून लिहवून घेतलं. खरं-खोटं ज्याने त्याने ठरवावं. अस्थी झैतूनच्या, म्हणजे आजच्या च्वानचौच्या, फ्रान्सिस्कन मठात ठेवल्या गेल्या. थॉमसचं मस्तक त्याच्या गावी पोचलं असं तोलेन्तिनोची परंपरा सांगते.

ठाण्याच्या वाट्याला आली फक्त नावं, आणि त्यांतही वरखाली. १८९४ मध्ये तेराव्या लिओ पोपनी थॉमसला ‘धन्यवादित’, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडचा, म्हणून मान्यता दिली. बाकी तिघांच्या नावामागे ते बिरुद अजून लागलेलं नाही. एकाच गावात, एकाच भांडणापायी, दोन दिवसांच्या अंतराने गेलेली चार माणसं, तरी एक वरच्या यादीत आणि तीन खालच्या.

मागोवा घ्यायचा आहे तो या याद्यांचाच. ऑक्टोबर संपत आला की आपल्याकडच्या चर्चमधून रविवारच्या मिस्सानंतर लिफाफे वाटले जातात. वर क्रूस छापलेला, आत रेघांचा कागद. त्यावर घरातल्या मृतांची नावं लिहायची, इच्छेला येईल ते दान घालायचं आणि लिफाफा परत द्यायचा. २ नोव्हेंबरला, म्हणजे मृत भाविकांच्या स्मरणदिनी, ते टोपलीत घालून वेदीपाशी ठेवतात आणि त्या महिन्यात या सगळ्यांसाठी मिस्सा होतात. लिहिणारं माणूस बहुधा घरातलं वडीलधारं. आधी आई-बाप, मग सासू-सासरे, मग अकाली गेलेला भाऊ, मग ते बाळ, ज्याचा बाप्तिस्मा घाईघाईने हॉस्पिटलातच उरकावा लागला. रेघा संपतात, तेव्हा कागदाच्या कडेने उभं लिहिलं जातं. उरल्यासुरल्या जागेत ‘ज्यांची आठवण काढणारं कोणी नाही ते सर्व’ अशी एक ओळ येते. सर्वपित्री अमावास्येला तिथी ठाऊक नसलेल्यांची सोय असते, तशीच ही.

लिफाफा छापखान्यातून नवा आला असला, तरी आतली रीत वेदीइतकीच जुनी आहे. सुरुवातीच्या शतकांत ख्रिस्ती मंडळी बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या वापरत. त्यांना डिप्टिक म्हणत. एका फळीवर जिवंतांची नावं, दुसरीवर मृतांची, आणि ती मिस्सात मोठ्याने वाचली जात. नाव वाचलं म्हणजे माणूस आपल्यातला. नाव खोडलं म्हणजे वाळीत टाकला. त्यामुळे या फळ्यांवरून बिशपांची रणं माजली. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप योहान क्रिसोस्तम याचं नाव परत घ्यायचं की नाही, यावर तो मेल्यावर कित्येक वर्षं वाद चालला.

मृतांचं करायचं म्हणजे काय, हेही तेव्हा पक्कं ठरलेलं नव्हतं. संत ऑगस्टिनची आई मोनिका आफ्रिकेची. मिलानला आल्यावरही ती गावाकडच्या चालीप्रमाणे पेज, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन हुतात्म्यांच्या थडग्यांवर निघाली, तर दारवानाने अडवलं: बिशप अँब्रोज यांनी मनाई केली आहे. तिने मुकाट्याने ऐकलं. पुढे ३८७ मध्ये ओस्तियाला ती मरणाला टेकली, तेव्हा मुलांना सांगितलं की देह कुठेही ठेवा, त्याची काळजी नको. वेदीपाशी माझी आठवण तेवढी करा. नैवेद्य गेला, नाव राहिलं. कॅथलिक स्मरणाची दिशा या एका बाईच्या आयुष्यात पालटलेली दिसते, आणि ऑगस्टिनने ती लिहून ठेवली हे आपलं भाग्य.

हुतात्मे इतके झाले की वर्षाचे दिवस पुरेनात. सातव्या शतकात चौथ्या बोनिफास पोपनी रोमचं पँथिऑन १३ मे रोजी मरिया आणि सगळ्या हुतात्म्यांच्या नावे केलं. पुढे आठव्या-नवव्या शतकांत सकल संतांचा दिवस १ नोव्हेंबरवर स्थिरावला. ज्यांचं नाव कोणत्याच यादीत नाही अशा संतांचीही ही सोय. मग उरले साधे मेलेले, ज्यांना कोणी संत म्हणणार नव्हतं आणि ज्यांना विसरणंही बरं दिसत नव्हतं. फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओडिलो यांनी ९९८ च्या सुमारास आपल्या सगळ्या मठांना हुकूम सोडला की सकल संतांच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृतांसाठी प्रार्थना करा. तीच ही २ नोव्हेंबर.

क्लुनीची आणखी एक रीत होती. मेलेल्या भिक्षूच्या स्मरणदिनी त्याच्या वाटणीचं जेवण एका गरिबाला द्यायचं. रीत फार देखणी. पण भिक्षू मरत राहिले आणि यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढत गेली. मेलेल्यांच्या पंगतीपायी जिवंतांचं कोठार रिकामं व्हायची वेळ आली. अखेर बाराव्या शतकात मठाधिपती पीटर द व्हेनरेबल यांनी दिवसाला पन्नास नावांची मर्यादा घातली. स्मरणालाही रेशनकार्ड लागतं, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

सोळाव्या शतकात सगळाच हिशेब वादात सापडला. मृतांच्या नावे पैसे भरून क्षमापत्र घेण्याच्या धंद्यावर मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये तोफ डागली ती सकल संतांच्या आदल्या दिवशी. ट्रेंटच्या धर्मसभेने डिसेंबर १५६३ मध्ये उत्तर दिलं: शुद्धिस्थान, म्हणजे मेल्यावर आत्मे शुद्ध होण्याची अवस्था, आहे, तिथल्या आत्म्यांना प्रार्थनेचा उपयोग होतो, मात्र त्यातली नफेखोरी आणि अंधश्रद्धा बंद करा. १६१४ च्या रोमन विधिपुस्तकात धर्मग्रामातल्या मृतांच्या नोंदवहीची तरतूद झाली. घरच्या यादीला अशी सरकारी ढंगाची जोड मिळाली.

ठाण्यात तोवर फ्रान्सिस्कन परतले होते. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, आणि त्या चौघांनंतर दोन शतकांनी तोच झगा ठाण्याच्या वाटांवर पुन्हा दिसू लागला. पोर्तुगीज राज्यात मृतांची आठवण जमिनीला बांधली गेली. पैसेवाला माणूस मृत्युपत्रात वाडी किंवा शेत देवळाच्या नावे करी आणि त्याच्या उत्पन्नातून आपल्या आत्म्यासाठी कायमच्या मिस्सा लावून देई. दुसऱ्या हाताने हेच राज्य नवख्रिस्ती घरांतल्या जुन्या चालीरीती उपटत होतं. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात लग्न, बाळंतपण आणि मयत या प्रसंगांचे देशी रिवाज एकेक मोजून मना केले. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या पुस्तकात ते फर्मान दिलं आहे. वाचताना वाटतं, इतकं बारकाईने तर त्या काळच्या घरांचं वर्णन दुसऱ्या कोणीच केलेलं नाही.

फर्मानाची शाई वाळायच्या आत, १७३७ मध्ये, मराठ्यांनी ठाणे घेतलं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. युरोपीय पाद्री निघून गेले, गोव्याकडच्या देशी पाद्र्यांवर सगळा भार पडला. मृत्युपत्रांनी ‘कायमच्या’ म्हणून बांधलेल्या मिस्सा जमिनींबरोबर गेल्या. टिकलं ते घरातलं: संध्याकाळची जपमाळ आणि तिच्या शेवटी गेलेल्या माणसांसाठी एक ‘आमच्या बापा’. फ्रान्सिस्को वाझ दि गिमारायस याने सतराव्या शतकात इथल्या मराठी बोलीत रचलेलं पुराणही असंच टिकलं. ते उपवासकाळात घरोघर वाचलं जाई आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापलं गेलं. बिनजमिनीची, बिनपैशाची आठवण जास्त चिवट निघाली, असं माझं मत आहे.

ठाणे, साष्टी आणि मुंबईतले हे जुने मराठीभाषक कॅथलिक १८८७ पासून स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवू लागले. त्यानंतर नऊ वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीला प्लेगचा रोगी ओळखला आणि मुंबई इलाखा हादरला. माणसं इतक्या झपाट्याने गेली की एकेकाची रीतसर मिस्सा होणं अवघड. त्या वर्षांत गावठाणांच्या तोंडाशी, चौकात, विहिरीपाशी क्रूस उभे राहिले. काही रोग वेशीबाहेर राहावा म्हणून, काही वाचल्याचा नवस फेडायला, काही गेलेल्यांच्या आठवणीला. प्लेगच्या आधीचे क्रूसही पुष्कळ, पण लोकांच्या तोंडी सगळेच प्लेगचे झाले आहेत. मे महिन्यात क्रूस रंगवतात, झेंडूच्या माळा घालतात, संध्याकाळी लितानी म्हणतात आणि नंतर सगळ्यांना उकडलेले चणे वाटतात. शेजारचं हिंदू घरही येता-जाता फूल ठेवतं. इथे मृतांची यादी वाचली जात नाही; अख्खी आळी एकाच दगडावर जमा झालेली असते. रस्तारुंदीत हे क्रूस हलवायची गोष्ट निघाली की ‘एवढ्याशा दगडाचं काय घेऊन बसलात’ असं म्हणणारे भेटतात. त्या दगडाशी किती घरांची मयत जोडलेली आहे, हे त्यांनी आधी आळीत विचारावं.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि युरोपचीच यादी हाताबाहेर गेली. २ नोव्हेंबरला एका पाद्र्याने तीन मिस्सा करण्याची मुभा स्पेन-पोर्तुगालला १७४८ पासून होती. पंधराव्या बेनेडिक्ट पोपनी ऑगस्ट १९१५ मध्ये ती सगळ्या जगाला दिली. कारणं दोन. रणांगणावरचा संहार, हे एक. दुसरं जास्त रुक्ष: जुन्या मृत्युपत्रांनी लावलेल्या असंख्य मिस्सा मालमत्ता जप्त झाल्याने बुडाल्या होत्या. वसईत १७३९ साली जे घडलं, त्याची भरपाई रोमला एकशे शहात्तर वर्षांनी सुचली म्हणायची.

आमच्या भागातली नावं बदलली ती रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ ला गाडी ठाण्याला आली, वर्षभराने कल्याणला. रेल्वेच्या नोकऱ्यांमागे गोव्याचे, मंगळूरचे कॅथलिक आले, अँग्लो-इंडियन आले. पुढे कारखान्यांमागे केरळचे. डोंबिवलीत तर बहुतेक सगळेच कॅथलिक बाहेरून आलेले, म्हणजे त्यांचे मृत दुसरीकडे. वडील म्हापशाला, आजी उडुपीकडे, आजोबा त्रिशूरला. सुट्टी मिळत नाही, गाडीचं तिकीट मिळत नाही, फडके रोडवर दिवाळीची गर्दी उसळलेली असते आणि कबरीवर मेणबत्ती लावायला चालत जावं अशी कबर गावात नसते. अशा माणसाला दोनशे-चारशे कोसांवरचा बाप आणून बसवता येतो तो लिफाफ्यातच. हा कागद उपनगरात इतका का रुजला, याचं उत्तर मला यात दिसतं.

केरळच्या लोकांनी आणखी एक गोष्ट आणली, पंचांग. ३० एप्रिल १९८८ रोजी कल्याण हे सिरो-मलबार, म्हणजे पूर्व-सीरियन परंपरेच्या केरळी कॅथलिकांच्या, धर्मप्रांताचं केंद्र झालं. त्यांच्या परंपरेत मृतांचा दिवस नोव्हेंबरात येत नाही. प्रभुप्रकटनाच्या काळातला, ज्याला ते डेन्हा म्हणतात, शेवटचा शुक्रवार हा त्यांचा, उपवासकाळाच्या अगदी तोंडावर. सकल संतांचा दिवस ईस्टरनंतरच्या शुक्रवारी. त्यामुळे कल्याणच्या एकाच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचे कॅथलिक मृत नोव्हेंबरात आठवले जातात आणि चौथ्या मजल्यावरचे फेब्रुवारीच्या आसपास. व्यवहारात केरळची कितीतरी घरं दोन्ही पाळतात. मृतांना दोनदा आठवल्याने कोणाचं काही बिघडत नाही. ज्या पूर्व-सीरियन परंपरेच्या घराने १३२१ मध्ये त्या चार पाहुण्यांना आसरा दिला, तीच परंपरा साडेसहा शतकांनी ठाणे जिल्ह्यात आपला बिशप घेऊन परतली. ठाण्याच्या इतिहासात याची दखल फारशी घेतली जात नाही, ती घ्यायला हवी.

कबरींचं म्हणाल, तर मुंबई-ठाण्याच्या दफनभूमीत कायमची कबर ही आता चैन आहे. काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी काढतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्याला सगळे ‘निश’ म्हणतात. निशच्या दगडावर फोटो, दोन तारखा आणि आडनाव एवढंच मावतं. १९६३ मध्ये रोमने दहनावरची बंदी उठवली, २०१६ मध्ये रक्षेबद्दल नियम घातले: घरात ठेवू नका, वाटून घेऊ नका, वाऱ्यावर-पाण्यात सोडू नका, पवित्र जागी ठेवा. कोविडच्या २०२० मध्ये दफनभूमीवर गर्दी नको म्हणून १ ते ८ नोव्हेंबरात तिथे जाऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना मिळणाऱ्या खास कृपेची मुदत महिनाभर वाढवली गेली. त्या वर्षीच्या याद्या लांब होत्या आणि पुष्कळ नावं अशी, ज्यांचा चेहरा घरच्यांना शेवटी पाहताही आला नव्हता.

आता संतांच्या वरच्या यादीकडे. तिथे नाव चढायला वेळ लागतो. वसईचा गोन्सालो गार्सिया, आई इथली, बाप पोर्तुगीज. जपानात व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रूसावर गेला. संत म्हणून घोषणा झाली ८ जून १८६२ ला. भारतात जन्मलेला हा पहिला संत, आणि त्यालाही अडीच शतकांहून जास्त काळ थांबावं लागलं. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने १९६४ मध्ये स्पष्ट केलं की पावित्र्याचं बोलावणं पाद्री आणि सिस्टरांपुरतं नसून प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या पत्रात ते आणखी खाली, आपल्या जिन्यावर आणलं: मायेने मुलं वाढवणारे आईबाप, घरासाठी राबणारी माणसं, हसू न मालवलेले आजारी, हे शेजारच्या दारातले संत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी जगभरच्या धर्मप्रांतांना सांगितलं की २०२५ पासून ९ नोव्हेंबरला आपापल्या भागातले संत, धन्यवादित आणि त्या वाटेवरचे सेवक यांची आठवण करा. मुंबई-ठाण्याकडे यासाठी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण शेजारच्या दारातल्या संताला ना खटला, ना वकील, ना चमत्काराची वैद्यकीय तपासणी. त्याच्यासाठी फक्त रेघांचा कागद आहे.

आणि तो कागद आपण निष्काळजीपणे भरतो, अशी माझी तक्रार आहे. ‘आजी’, ‘मोठी काकू’, ‘अंधेरीची मावशी’, ‘पप्पांचे मित्र’. देवाला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत, असं म्हणून फादर समजावतील आणि ते बरोबरच आहे. पण वीस वर्षांनी तुमच्या नातवाला ती ठाऊक नसतील. बायकांची तर आधीच अर्धी नावं लग्नात गळतात. तेव्हा यंदाचा लिफाफा हातात आला की घाई करू नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारून लिहा: बाप्तिस्म्याचं नाव, माहेरचं आडनाव, गाव, गेल्याचं वर्ष. लिफाफा बंद करण्याआधी मोबाइलवर कागदाचा फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका, कारण लिफाफा परत मिळत नाही.